नऊ माणसं आणि आईची खोली

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर निरोप द्यायला आलेल्यांना तेव्हा काचेच्या दारापर्यंतच सोडत. त्या दाराशी आई डबा घेऊन उभी होती. डब्यात कोथिंबिरीच्या सांबारवड्या होत्या. शेखर, म्हणजे माझा नवरा, बॅगा घेऊन आत गेला होता आणि माझ्या हातातल्या पिशवीत आता रुमालसुद्धा मावला नसता. "आई, आता कुठे कोंबू गं मी हे?" मी वैतागून म्हटलं. आठ दिवस बॅगा भरून, सोडून, पुन्हा भरून जीव मेटाकुटीला आला होता. "मग इथंच खा," ती म्हणाली, आणि त्या दाराशी उभ्याउभ्या तिनं मला दोन वड्या खायला लावल्या. माझ्या तोंडात घास असतानाच तिनं आपली अट सांगून टाकली, म्हणजे मला वाद घालता येऊ नये.

"घर घेशील नं, तेव्हा त्याच्यावर तुझं नाव लाव. मग मला बोलव. भाड्याच्या घरात मी येणार नाही, आणि नुसत्या जावयाच्या घरात तर मुळीच नाही."

मी एकुलती एक. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती. आई धरमपेठेत आमच्या जुन्या भाड्याच्या घरात एकटी राहणार होती. मुलगा असता तर कुणी काही विचारलं नसतं, पण आईनं लेकीकडे जाऊन राहायचं म्हणजे आमच्या घरात अजूनही भुवया वर जातात. बाबांच्या तेराव्याला काकू सगळ्यांदेखत म्हणाली होती, "वहिनी, आता काय, जावयाच्या दारी?" ते आईच्या काळजात रुतलं. विमानतळावरची अट ही त्या प्रश्नाला दिलेलं उत्तर होतं. घरावर लेकीचं नाव असलं तर ते लेकीचं घर, आणि लेकीच्या स्वतःच्या घरात राहायला कुणाच्या बापाची भीती नाही, असा तिचा हिशेब.

धरमपेठेतल्या मंडळींनो, तुम्ही मला दर वेळी विचारता, "आईला नेलं का नाही अजून?" आणि मेडनहेडपासून एडिनबरापर्यंत पसरलेल्या माझ्यासारख्या बाकीच्यांनो, तुम्ही विचारत नाही, कारण तुमच्याही घरी एक खोली अशीच असते. दोघांसाठीही हे एकदाचं सांगून टाकते. पुन्हा पुन्हा सांगायची ताकद आता माझ्यात नाही.

आम्ही इंग्लंडात, बेसिंगस्टोकला आलो. शेखरचं ऑफिस गावाबाहेरच्या बिझनेस पार्कमध्ये. गाव कसं, तर राउंडअबाउट, मग राउंडअबाउट, मग परत राउंडअबाउट. गाडी चालवायला शिकले तेव्हा एकातून बाहेर पडायचा रस्ता चुकून मी दोनदा गोल फिरले आणि शेखर हसत बसला. नागपूरला मी ज्युनियर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. इथे माझी एम.ए.ची डिग्री कुणाच्या खिजगणतीत नव्हती. पहिली दोन-तीन वर्षं घरीच गेली, इरा झाली, आणि मग एका सेकंडरी शाळेत टीचिंग असिस्टंट म्हणून लागले. तिकडे पोरं मला बघून उभी राहायची. इकडे मी पोरांच्या खुर्चीशेजारी वाकून बसते आणि तेरा वर्षांचा घोडा मला म्हणतो, "मिस, आय कान्ट बी बॉदर्ड." कधीकधी मनात येतं, बाळा, मी टू.

घर मिळालं ते तीन बेडरूमचं, टेरेस्ड, म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या ओळीतलं, मागे हातरुमालाएवढी बाग. एक खोली आमची, एक चिमुकली बॉक्सरूम इराची आणि मागच्या बाजूची, बागेकडे खिडकी असलेली, आईची. सह्या झाल्या त्या संध्याकाळी आईनं फोनवर मला कागदावरची दोन्ही नावं मोठ्यानं वाचायला लावली. माझं नाव दुसरं होतं. "पहिलं का नाही?" तिनं विचारलं. मग विचारलं, "आणि पैसे किती वर्षांत फेडायचे?" मी म्हटलं, पंचवीस. बाबांनी उभ्या आयुष्यात कर्ज काढलं नव्हतं. आमच्याकडे फ्रिजसुद्धा सगळे पैसे साठल्यावर आला. "इथे सगळेच असं घेतात गं," मी म्हटलं. "घेत असतील बापा," ती म्हणाली, "पण सगळ्यांची म्हातारपणं ते भरतील का?"

खोली मात्र आम्ही हौसेनं लावली. भिंतीला फिकट पिवळा रंग दिला, देवांसाठी कोपऱ्यात फळी ठोकली. आई साठीच्या पुढची, विधवा, दुसरं मूल नाही, त्यामुळे तिला कायमचं आणता येत होतं. सरकारला फक्त एवढं दाखवायचं की तिच्यासाठी वेगळी खोली आहे आणि तिचा भार आम्ही स्वतः उचलू शकतो. सहलीसारखं चार महिने येऊन जा, असंही मी सुचवून पाहिलं. ते तिला मान्य नव्हतं. "अर्ध्यात परत आले तर तुझी काकू म्हणेल, जावयानं पाठवून दिली. येईन तर राहायलाच येईन." आणि राहायला यायचं म्हणजे धरमपेठेतलं घर सोडायचं. ते एकदा मालकाच्या हातात गेलं की परत मिळणार नव्हतं. म्हणून शेखर म्हणाला, आपली नोकरी आणि हप्ता नीट बसू दे, मग आईंना हलवू. इकडे निभावलं नाही तर त्या परत जाणार कुठे? यात चुकीचं काय होतं? काहीच नाही. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा इतका राग येऊ शकतो हे मला लग्नानंतर कळलं.

आमच्या मॉर्गेजचा, म्हणजे घराच्या कर्जाचा, दर पहिली दोन वर्षं बांधलेला होता. ती संपली की बाजारात जो दर असेल तो. आणि नेमक्या त्याच काळात इथल्या मध्यवर्ती बँकेनं दर वाढवायला सुरुवात केली. बाहेरून बघायला फार सभ्य प्रकार असतो हा. नऊ माणसं एका टेबलाभोवती बसतात, मतं देतात आणि महिन्यातल्या एका गुरुवारी दुपारी बाराला निकाल लागतो. मी त्या वेळी शाळेच्या डायनिंग हॉलमध्ये पोरांचे ट्रे उचलत असायचे. शेखरचा टेक्स्ट यायचा: "वाढवला." पुढे एकही शब्द नाही.

संध्याकाळी घरी आले की स्वस्तातलं फोनकार्ड घासून आईला फोन. "आई, अजून थोडं थांब गं. व्याज वाढलं."

पहिल्या वेळी तिला काही समजलं नाही. तिसऱ्या वेळी तिनं मला उभंआडवं घेतलं. "कोण वाढवतं हे? सरकार?"

"नाही गं, बँक. नऊ माणसं असतात. ती ठरवतात."

"नऊ? पंच पाच असतात. नऊ कशाला?"

"मतं घेतात आई. पाच विरुद्ध चार असंही होतं कधी."

"म्हणजे एका माणसानं हात वर केला नाही तर मी तिकडे?"

"तसंच समज."

"बायका आहेत का त्यांच्यात?"

"आहेत वाटतं दोघी."

"त्यांना सांग म्हणावं, एक म्हातारी बॅग भरून बसली आहे."

तेव्हापासून तिला नादच लागला. गुरुवारी मी फोन केला की 'कशी आहेस' वगैरे काही नाही. "काय केलं गं मेल्यांनी?" शेजारच्या देशमुखांच्या सुनेला ती इंटरनेटवर बघायला लावायची. महिला मंडळात म्हणे तिनं सांगितलं होतं की इंग्लंडचे व्याजाचे दर मला तोंडपाठ आहेत. बायका हसल्या. आईनं ते मला हसतच सांगितलं, पण मला फोन ठेवल्यावर रडू आलं. माझी आई, जिला पोस्टातल्या काउंटरवर बोलायला संकोच वाटायचा, ती साता समुद्रापलीकडच्या नऊ अनोळखी लोकांच्या बैठकीकडे डोळे लावून बसली होती, का, तर लेकीच्या घरी येता यावं म्हणून.

एकदा तिनं मूळ प्रश्नच विचारला. "पण वाढवतात का बरं? कुणाचं पोट दुखतं?"

"महागाई वाढली आहे गं इथे. गॅस, ब्रेड, पेट्रोल, सगळंच. त्यांनी ठरवलंय, वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपासच वाढली पाहिजे. जास्त वाढली की ते व्याज वाढवतात."

"म्हणजे भाजी महाग झाली म्हणून हप्ताही महाग करायचा? हा कुठला न्याय? तुझ्या बाबांच्या वेळी महागाई वाढली की सरकार भत्ता द्यायचं."

खरं होतं तिचं. महागाई भत्ता वाढला की बाबा येताना कोपऱ्यावरून समोसे आणायचे. लहानपणी मला वाटायचं, महागाई ही चांगलीच गोष्ट असणार. आमच्याकडे महागाईला चेहरा होता, आवाज होता. बायका लाटणी घेऊन मोर्चे काढायच्या, भाजीवाल्याशी भांडायच्या, कांद्यावरून सरकारं हादरायची. इथे ती एक आकडा आहे. सूट घातलेला माणूस टीव्हीवर येऊन तो आकडा वाचून दाखवतो आणि लगेच फुटबॉलच्या बातम्या लागतात. चढ्या आवाजात कुणी बोलत नाही.

आणि गंमत बघा, हा धडा मीच शिकवायचे. दरवर्षी, बारावीला. मध्यवर्ती बँक व्याजदर वाढवते, कर्ज महाग होतं, लोक हात आखडता घेतात, एकूण मागणी घटते, किमती ताळ्यावर येतात. फळ्यावर मी बाण काढायचे, एकातून दुसरा. मागच्या बाकावरून प्रश्न यायचा, "मॅडम, आयएमपी आहे का?" मी म्हणायचे, हो, अधोरेखित करा. 'एकूण मागणी घटते' हे इतक्या वेळा लिहिलं मी, पण ती घटते म्हणजे नक्की कुणाच्या घरातून काय घटतं, हे ना कुणा पोरानं विचारलं ना माझ्या डोक्यात आलं. आता कळलं. आमच्या घरातून घटली ती आई. तिचं तिकीट, तिची औषधं, खोलीचं हीटिंग, तिच्यासाठी आणायची भेंडी, हे सगळं मिळून ती मागणी होती. नऊ सभ्य माणसांनी ती कमी केली आणि त्यांचं काही चुकलं असंही मला म्हणता येत नाही. मी असते त्या टेबलाशी तर मीही हातच वर केला असता, पुस्तकात तसंच आहे.

आमची दोन वर्षं संपली तेव्हा टीव्हीवर एका बँकेबाहेर लोकांची रांग दाखवत होते. घडीच्या खुर्च्या, थर्मास, छत्र्या; आपापले पैसे काढायला आलेली शांत, म्हातारी माणसं. इंग्रज माणूस घाबरला तरी रांग मोडत नाही. त्याच आठवड्यात आम्ही मॉर्गेज सल्लागाराकडे गेलो. गुलाबी टाय लावलेला पोरगा. त्यानं दोन पत्रकं समोर ठेवली. एक ट्रॅकर: बँकेचा दर खाली गेला की तुमचा खाली, वर गेला की वर. दुसरं फिक्स: पाच वर्षं एकच हप्ता, जगबुडी झाली तरी. दोन्हीकडे हप्ता आधीपेक्षा चांगलाच वाढत होता. शेखर म्हणाला, "ट्रॅकर. हे सगळं फुटणार आहे, रेट खालीच येतील." मी फिक्सचं पत्रक जवळ ओढलं. अजून वाढले तर?

संध्याकाळी आईशी बोलले. तिनं एका क्षणात निकाल दिला. "ठरलेलं बरं असतं गं. तुझ्या बाबांनी जन्मभर ठरलेल्या व्याजावर पैसा ठेवला आणि सुखानं झोपले. दर महिन्याला त्या नऊ जणांच्या तोंडाकडे काय बघायचं? पाच वर्षांचं बांधून टाक. मग आपण सावकाश बसवू सगळं. एखादी भाडेकरू ठेव वर्षभर माझ्या खोलीत, हप्ता सावरला की मी येते."

किती सुटल्यासारखं वाटलं मला! मनात माझंही तेच होतं, ते तिच्या तोंडून आलं. ठेवीचं व्याज बांधलेलं असणं वेगळं आणि कर्जाचं बांधलेलं असणं वेगळं, हे मी वर्गात तासभर समजावलं असतं. पण आपल्या पगारदार मराठी माणसाच्या हाडीमाशी एफडी भिनलेली आहे. 'ठरलेलं' हा शब्द ऐकला की आपला रक्तदाब खाली येतो. आपण मुलींची लग्नं ठरवतो, सुट्टीच्या महिनाभर आधी रिझर्व्हेशन ठरवतो, आणि कर्जही ठरवून घेतो. शेखरनं एकदा माझ्याकडे बघितलं, खांदे उडवले आणि सही केली. भांडला असता तर बरं झालं असतं.

आईच्या खोलीत डोरोटा आली. पोलंडची, वेअरहाउसमध्ये शिफ्टवर काम करणारी, पस्तिशीची. अत्यंत निमूट बाई. पहिल्याच दिवशी तिनं फळीकडे बोट दाखवून विचारलं, ही कशाला आहे? मी म्हटलं, माझ्या आईच्या देवांसाठी. ती ओशाळली आणि तिथे काही ठेवलं नाही तिनं. महिनाभरानं मीच तिला म्हटलं, अगं ठेव, वापर. मग त्यावर शाम्पू, घड्याळ आणि हेअर ड्रायर आला. इरा तिच्या दाराशी जाऊन मला विचारायची, "आई, हा आजीचा रूम आहे ना? मग आजी कधी येतो?" मी म्हणायचे, लवकर. पोरीचं मराठी सुधारायचं त्राण तेव्हा माझ्यात उरत नसे.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. सगळ्या जगालाच माहीत आहे. शेखर म्हणाला होता तसं सगळं फुटलं, बँका कोसळल्या, मंदी आली. नऊ माणसांनी दिशा बदलली. आधी पाव पाव टक्का कमी, आणि मग त्या हिवाळ्यात तर घाबरल्यासारखी सुटलीच ती, एकदा एका झटक्यात दीड टक्का. शेखरच्या कंपनीनं काही लोकांना काढलं, बाकीच्यांना आठवड्याचे चारच दिवस दिले. शेखर राहिला, चार दिवसांत. आणि आमचा हप्ता? तो जागचा हलला नाही. ठरलेला होता नं.

मेडनहेडची मेधा, माझी नागपूरचीच मैत्रीण, तिचा ट्रॅकर होता. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही चर्चचा हॉल घेतो, तिथे तिळगूळ देता देता ती म्हणाली, "अगं, आमचा हप्ता इतका खाली आलाय की मला भीतीच वाटते, पुढच्या महिन्यात बँक आम्हाला पैसे देते की काय!" सगळ्या हसल्या. मीही हसले. तिनं सासूबाईंना बोलावून घेतलं होतं. त्या तिथेच खुर्चीत बसल्या होत्या, साडीवर कार्डिगन घालून, पायात जाड मोजे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हीटरची तक्रार सांगत होत्या. मी त्यांच्या पाया पडले आणि मला त्यांचा भयंकर हेवा वाटला.

आम्ही धडपड केली नाही असं नाही. पण बांधलेलं मधेच सोडायचं तर भरमसाट दंड, आणि घरांच्या किमती उतरल्यामुळे दुसरी कुठली बँक आम्हाला दारात उभं करेना. हे मी आईला सांगितलं नव्हतं. दर महिन्याच्या त्या गुरुवारी ती खुशीत यायची, "आज पुन्हा कमी केलं नं?" आणि मी नुसतं "हो गं" म्हणायचे. कमी केलं होतं हे खरंच होतं.

मार्चमधल्या एका गुरुवारी शाळेतून येऊन बूट काढते आहे तोच घरचा फोन वाजला. आईचा. आई स्वतः कधी फोन करत नाही, आयएसडी महाग म्हणून.

"अर्धा!" पलीकडून ती जवळजवळ ओरडलीच. "अगं, अर्धा टक्का! देशमुखांच्या सुनेनं आत्ता दाखवलं. याच्या खाली काय असतं? काहीच नसतं! मी माळ्यावरून बॅग काढायला लावली. स्वेटर तिथे घेऊ का इथून आणू? आणि देव सगळे आणू की थोडे काकूकडे ठेवू? आणि हे बघ, मालकाला मी महिन्याची नोटीस देते, म्हणजे एप्रिलअखेर—"

"आई, नोटीस देऊ नको."

"का?"

मग मला सांगावंच लागलं. पायात एक बूट तसाच, जिन्याच्या पायरीवर बसून. म्हटलं, आई, तो अर्धा टक्का आपल्याला नाही. ज्यांनी बांधून घेतलं नव्हतं त्यांना. आपलं पाच वर्षांचं ठरलेलं आहे, अजून साडेतीन वर्षं तेवढाच हप्ता. शेखरचा पगार कमी झालाय. डोरोटाचं भाडं थांबवलं तर भागणार नाही. तुझा भार उचलू शकतो असं आता सरकारला दाखवताच येणार नाही.

मागे देशमुखांच्या टीव्हीचा आवाज येत होता, म्हणजे ती त्यांच्याच घरून बोलत असणार, त्या सगळ्यांसमोर.

"म्हणजे ते मीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "बांधून टाक म्हणून."

"नाही गं आई, आम्हीच ठरवलं होतं. तुझा काय संबंध?"

"खोटं नको बोलू. लहानपणापासून तुला ते येत नाही." मग अगदी साध्या आवाजात, "साडेतीन वर्षं नं? थांबते मग. माझं वय तेव्हा त्र्याहत्तर होईल. होतं काय त्याला."

मी इतकी रडले त्या दिवशी की इरानं येऊन मला आपला टॉवेल दिला. कुणावर रागावू? शेखरवर? तो बरोबर होता. नऊ माणसांवर? त्यांनी तर अखेरीस आई म्हणत होती तेच केलं. आईवर रागावणं शक्य नव्हतं. उरले मी, आणि माझ्यावर रागवायचाही मला कंटाळा आला होता.

पुढच्या महिन्यातल्या गुरुवारी मी फोन केला. वाट बघत होते, आता विचारेल, काय केलं मेल्यांनी. तिनं विचारलं, "आज काय केलंस जेवायला?" त्यानंतर आजवर तिनं व्याजाचं नाव काढलेलं नाही. इतके दिवस मला त्या प्रश्नाचा वैताग यायचा. आता तो येत नाही तर दर महिन्याच्या त्या गुरुवारी कानात पोकळी वाटते.

तुम्ही विचाराल, मग घर कोणतं तुझं, हे की ते? मलाही लोक असं विचारतात, विशेषतः इथले, पार्टीत वाइनचा ग्लास हातात घेऊन, "सो व्हेअर इज होम?" पूर्वी मी झटक्यात नागपूर म्हणायचे. मग काही वर्षं बेसिंगस्टोक म्हणत होते, जरा अभिमानानं, कारण कागदावर माझं नाव होतं. नाव अजूनही आहे. गवत मी कापते, बॉयलर बिघडला की मीच फोन करते, काउन्सिलची पत्रं माझ्या नावानं येतात. पण ज्या माणसासाठी घेतलं ते माणूस आत येऊ शकत नाही, तर त्या घराला मी काय म्हणू? मला असं वाटत होतं की नाव लावलं की घर होतं. आईलाही तसंच वाटत होतं. आम्ही दोघी चुकलो, आणि दोघींनीही ते एकमेकींना कधी बोलून दाखवलेलं नाही.

या उन्हाळ्यात ठरवलं, ती येत नाही तर मी जाते. शाळेत नोकरी असल्याचा एवढा एक फायदा, जुलैअखेर सहा आठवडे सुट्टी. शेखरनं कसंबसं तिकिटांचं जमवलं, माझं आणि इराचं. मोठ्या उत्साहानं आईला फोन केला. म्हटलं, आई, येतोय आम्ही! आनंदली ती, खूप. लगेच तिची यादी सुरू झाली, इराला काय आवडतं, तिखट चालतं का, पंखा पुरेल का, दुधाचा रतीब वाढवायला हवा. मग म्हणाली, "राहायला येतेस नं?"

"सहा आठवडे, आई."

"म्हणजे पाहुणीच की," ती म्हणाली. रागानं नाही, तुसडेपणानंही नाही, नुसतं नोंद घेतल्यासारखं. "बरं. पाहुण्यांची खोली झाडून ठेवते."

धरमपेठेतल्या आमच्या घरात पाहुण्यांची खोली कधी नव्हतीच. कुणी आलं की पुढच्या खोलीत गाद्या पडायच्या. मी हसून विचारलं, "आई, पाहुण्यांची खोली कुठली गं काढलीस आता?"

"तुझी," आई म्हणाली.